रडार व्यतिकरणमापन, उपग्रहीय

कृत्रिम उपग्रहावरील रडारने भूपृष्ठाच्या एकाच भागाच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन प्रतिमांतील तरंगांच्या कलांची, म्हणजे आवर्तनातील स्थितींची, तुलना करून मधल्या काळात जमीन किती उचलली गेली, खचली वा सरकली हे मोजण्याच्या पद्धतीस उपग्रहीय रडार व्यतिकरणमापन असे म्हणतात. उपग्रह सु. ७०० ते ८०० किमी. उंचीवरून जात असला, तरी या पद्धतीने काही सेंमी. आणि अनुकूल परिस्थितीत काही मिमी. इतका अल्प बदलही ओळखता येतो. रडारचे तरंग ढगांतून आरपार जातात व रडार स्वतःच तरंग पाठवीत असल्याने त्यास सूर्यप्रकाशाची गरज नसते. त्यामुळे हे मापन रात्री व पावसाळी हवेतही करता येते. भूकंप, ज्वालामुखी, हिमनद्या, भूमिपात, खाणी, धरणे आणि भूजलाच्या उपशामुळे खचणारी शहरे यांच्या अभ्यासात १९९० नंतर या पद्धतीचा वापर झपाट्याने वाढला.

तत्त्व : रडारमधून सूक्ष्मतरंगांचे स्पंद जमिनीकडे तिरकस दिशेने धाडले जातात आणि जमिनीवरून परतणारे तरंग आकाशकाने (अँटेनाने) टिपले जातात. परतलेल्या तरंगाची तीव्रता व कला अशा दोन राशी नोंदल्या जातात. तीव्रतेवरून जमिनीचे चित्र तयार होते. कलेवरून जमीन व उपग्रह यांतील अंतरासंबंधी माहिती मिळू शकते; परंतु एकाच प्रतिमेतील कला पाहून काहीही बोध होत नाही. प्रतिमेच्या प्रत्येक घटकात दगड, ढेकळे, झुडपे, भिंती अशा असंख्य वस्तूंकडून विखुरलेले तरंग एकमेकांत मिसळलेले असतात व त्यामुळे कलेची मूल्ये सर्वस्वी यदृच्छ भासतात. उपग्रह काही दिवसांनी अंतराळातील जवळजवळ त्याच बिंदूवर परत आला आणि जमिनीवरील वस्तूंची मांडणी तशीच राहिली असेल, तर हा यदृच्छ भाग दोन्ही प्रतिमांत सारखाच असतो व वजाबाकी करताना नाहीसा होतो. उरतो तो केवळ अंतरातील फरक. तरंग जाऊन परत येत असल्याने जमीन रडारच्या रोखाने अर्ध्या तरंगलांबीइतकी सरकली की कलेचे एक पूर्ण आवर्तन होते. ई.आर.एस.-१ या उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी ५.६६ सेंमी. होती, म्हणून त्याच्या नकाशावरील रंगांचा एक पूर्ण पट्ट २.८३ सेंमी. विस्थापन दाखवितो. डोंगराच्या नकाशावरील समोच्चरेषा मोजाव्यात त्याप्रमाणे हे पट्ट मोजत गेल्यास स्थिर भागापासून कोणत्याही ठिकाणापर्यंतचे एकूण विस्थापन मिळते.

या फरकात आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांचे मार्ग तंतोतंत एक नसतात. त्यांत काही दशके वा शेकडो मीटरांचे अंतर असते व त्यामुळे भूपृष्ठावरील उंचसखलपणा कलेत उतरतो. दुसरी गोष्ट वातावरणाची. हवेतील जलबाष्पामुळे तरंगांचा वेग किंचित घटतो आणि जमीन हललेली नसतानाही ती हलल्याचा भास होतो. पहिल्या घटकाची वजाबाकी भूपृष्ठाच्या उंचीचा चांगला नकाशा हाती असल्यास करता येते. दुसऱ्याने मात्र अभ्यासकांना बराच काळ चकविले.

या पद्धतीची एक अट तांत्रिक स्वरूपाची नसूनही सर्वांत कडक आहे. घटनेपूर्वीची प्रतिमा हाती असावीच लागते. भूकंप होऊन गेल्यावर कितीही उत्तम उपग्रह सोडला, तरी त्या भूकंपात जमीन किती सरकली हे तो सांगू शकत नाही. कोयनेचा १९६७ सालचा भूकंप या दृष्टीने कायमचा हुकला आहे. कारण त्यापूर्वीची अशी कोणतीही प्रतिमा अस्तित्वातच नाही. म्हणून या विषयाचा इतिहास जितका रडारयंत्रांचा, तितकाच जुन्या नोंदी जपून ठेवण्याचाही आहे.

संश्लेषित द्वारक रडार : साध्या रडारची विभेदनक्षमता आकाशकाच्या लांबीवर अवलंबून असते. उपग्रहावर १० मी. लांबीचा आकाशक बसविला व सु. ५.७ सेंमी. तरंगलांबीचे तरंग वापरले, तर ८५० किमी. अंतरावर त्याची शलाका जवळजवळ ५ किमी. रुंद पसरते आणि त्याहून लहान काहीही वेगळे दिसत नाही. हा अडसर कार्ल वायली या अमेरिकन अभियंत्याने १९५१ मध्ये दूर केला. गुडइयर एअरक्राफ्ट या कंपनीत काम करीत असताना त्याच्या लक्षात आले की, विमान पुढे सरकत असताना शलाकेच्या पुढच्या व मागच्या भागांतून परतणाऱ्या तरंगांच्या कंप्रतांत डॉप्लर परिणामामुळे सूक्ष्म फरक पडतो. तो फरक मोजल्यास शलाकेतील वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करता येतात. म्हणजेच वाहन ज्या मार्गाने जाते तो सर्व मार्गच जणू एक प्रचंड आकाशक बनतो. यासच संश्लेषित द्वारक रडार हे नाव मिळाले [⟶ रडार]. सदर तंत्र आरंभी लष्करी गुप्ततेत वाढले. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९५७ मध्ये विमानातून अशा प्रतिमा मिळविल्या. रडारच्या नोंदी फिल्मवर उतरवून भिंगांच्या साहाय्याने त्यांपासून चित्र घडविण्याची त्यांची रीत प्रकाशकीवर आधारलेली होती. तिच्यावर काम करणारा एमेट लीथ हा पुढे होलोग्राफीच्या विकासाबद्दल प्रसिद्ध झाला. अमेरिकेने डिसेंबर १९६४ मध्ये ‘क्विल’ हा रडारवाहू उपग्रह प्रायोगिक स्वरूपात सोडला होता; परंतु त्याविषयीची कागदपत्रे २०१२ मध्ये खुली होईपर्यंत सामान्य अभ्यासकांना त्याची माहिती नव्हती.

दोन रडार प्रतिमांच्या कलांची तुलना करण्याची कल्पना प्रथम ग्रहगोलांच्या अभ्यासात आली. पृथ्वीवरील रडारने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या काही वर्षांत शुक्र व चंद्र यांचे पृष्ठभाग या रीतीने तपासण्यात आले. पृथ्वीवरील भूप्रदेशाची उंची विमानातील रडारने याच तत्त्वावर काढता येते हे एल. सी. ग्रॅहम याने १९७४ मध्ये दाखविले.

सीसॅट : अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी व अवकाश प्रशासनाने (नासाने) जून १९७८ मध्ये सोडलेला सीसॅट हा संश्लेषित द्वारक रडार असलेला पहिला नागरी उपग्रह. नावाप्रमाणे तो सागरी निरीक्षणासाठी होता. त्यावरील रडारची तरंगलांबी सु. २३.५ सेंमी. होती. त्याच्या रडारच्या नोंदी साठविण्याची सोय उपग्रहावर नव्हती. भूस्थानक दृष्टिपथात असेल तेवढ्याच वेळात त्या खाली पाठवून फितींवर घेतल्या जात. विद्युत् पुरवठ्यात बिघाड होऊन १० ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे सु. १०५ दिवसांतच, हा उपग्रह निकामी झाला. एवढ्या अल्पायुषी उपग्रहाचे फलित पुढे अनेक वर्षे मिळत राहिले, याचे श्रेय त्या फितींना आहे.

पॅसाडीना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील रिचर्ड गोल्डस्टीन व हॉवर्ड झेबकर यांनी १९८६ मध्ये विमानातील रडारच्या साहाय्याने सॅन फ्रॅन्सिस्को परिसराचा उंचीदर्शक नकाशा प्रसिद्ध केला. त्यानंतर सीसॅटच्या जुन्या नोंदींकडे त्यांचे लक्ष वळले. अँड्र्यू गॅब्रिएल, गोल्डस्टीन व झेबकर यांनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील इंपीरिअल खोऱ्याच्या नोंदींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. तीन फेऱ्यांतील प्रतिमांच्या जोड्या लावून त्यांनी उंचसखलपणाचा भाग वजा केला असता काही शेतांच्या चौकोनी आकृती इतरांहून वेगळ्या दिसू लागल्या. पाणी दिल्यावर तेथील चिकणमाती फुगून शेत काही सेंमी. वर आले होते. शेताच्या बांधावर कापल्याप्रमाणे तुटणारी ही आकृती पाहिल्यावर ती वातावरणाची करामत असणे शक्य नव्हते. अंतराळातून जमिनीची हालचाल मोजल्याचे हे पहिले प्रात्यक्षिक होय. ते घडले तेव्हा उपग्रह बंद पडून अकरा वर्षे झाली होती.

ई.आर.एस.-१ व लँडर्सचा भूकंप : यूरोपीय अवकाश संस्थेचा ई.आर.एस.-१ हा उपग्रह १७ जुलै १९९१ रोजी सोडण्यात आला. तोही प्रामुख्याने समुद्र व बर्फ यांच्या निरीक्षणासाठी होता. त्याची कक्षा मात्र काटेकोरपणे राखली जात असे आणि मिळालेल्या नोंदी पद्धतशीरपणे साठविल्या जात. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात लँडर्स गावाजवळ ७.३ महत्तेचा भूकंप झाला. जमिनीवर सु. ८५ किमी. लांबीची भेग उमटली व काही ठिकाणी तिच्या दोन बाजू एकमेकींपासून सु. ६ मी. सरकल्या. त्या प्रदेशाच्या भूकंपापूर्वीच्या प्रतिमा ई.आर.एस.-१ ने योगायोगाने घेतलेल्या होत्या.

फ्रान्सच्या तूलूझ येथील राष्ट्रीय अवकाश केंद्रातील दीद्ये मासोने व त्याचे सहकारी यांनी भूकंपापूर्वीची व नंतरची अशी प्रतिमांची जोडी घेतली आणि उंचीच्या उपलब्ध नकाशाच्या साहाय्याने डोंगरांचा परिणाम वजा केला. ‘नेचर’ या नियतकालिकात जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नकाशात भेगेच्या दोन्ही अंगांना रंगीत पट्टांची वलये दाटीने पसरलेली दिसतात. भूकंपशास्त्राच्या दृष्टीने याचे महत्त्व केवळ अचूकतेत नव्हते. तोपर्यंत भूकंपातील विस्थापन मोजण्यासाठी जमिनीवर आधी रोवलेल्या खुणा पुन्हा मोजाव्या लागत. खुणा जेथे असतील तेथील तेवढीच माहिती मिळे. येथे कोणतेही उपकरण न रोवता हजारो चौ. किमी. क्षेत्रातील विस्थापनाचे सलग चित्र प्रथमच समोर आले. वाळवंटाचाही यात वाटा होता. झाडी नाही, शेती नाही, पाऊस क्वचित. त्यामुळे अनेक आठवडे लोटले तरी भूपृष्ठावरील दगडमाती जागची हललेली नव्हती. अगदी भेगेलगत मात्र विस्थापन इतक्या तीव्रतेने बदलत होते की, पट्ट एकमेकांत मिसळून गेले व तेथील मोजणी करता आली नाही. त्याच सुमारास झेबकर व त्याचे सहकारी यांनीही या भूकंपाचे विश्लेषण स्वतंत्रपणे करून १९९४ मध्ये प्रसिद्ध केले.

इराणमधील बाम शहर २६ डिसेंबर २००३ रोजीच्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. पंचवीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या शहराजवळचा एक विभंग भूवैज्ञानिकांना आधीपासून माहीत होता व दोष साहजिकच त्याच्याकडे गेला. यूरोपीय एन्व्हिसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून मात्र असे दिसून आले की, मुख्य हालचाल त्याच्या पश्चिमेकडील, पृष्ठभागावर ठळक खूण नसलेल्या दुसऱ्याच विभंगावर झाली होती. पुनर्बांधणी कोठे करावी याचा विचार चालू असलेल्या ठिकाणी ही दुरुस्ती केवळ शास्त्रीय कुतूहलाची नव्हती.

हिमक्षेत्रे : ई.आर.एस.-१ च्या प्रतिमांवरून गोल्डस्टीन व सहकारी यांनी १९९३ मध्ये अंटार्क्टिकातील रटफर्ड हिमप्रवाहाचा वेग काढला. तो दिवसाला सु. १ मी. आहे. त्याच प्रतिमांत आणखी एक रेषा उमटली होती. हिमप्रवाह जेथे खडकाचा आधार सोडून समुद्रावर तरंगू लागतो, तेथून पुढे भरतीओहोटीबरोबर तो वरखाली होतो आणि पट्ट त्या रेषेवर एकदम दाट होतात. हिमनदीचा पाया कोठे सुटतो हे बर्फावर न उतरता सांगता येऊ लागले. एरिक रिन्यो याने १९९८ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातील पाइन आयलंड हिमनदीची ही रेषा १९९२ ते १९९६ या काळात दर वर्षी सु. १.२ किमी. मागे हटल्याचे दाखविले. समुद्रपातळीच्या भवितव्याविषयीच्या चर्चेत या निष्कर्षाला मोठे स्थान मिळाले. संपूर्ण अंटार्क्टिकाच्या हिमप्रवाहांचा पहिला नकाशा २०११ मध्ये पूर्ण झाला.

एटना व वातावरणाचा प्रश्न : लँडर्सच्या यशानंतर मासोने व सहकारी यांनी सिसिलीतील एटना ज्वालामुखीकडे मोर्चा वळविला. १९९१–९३ च्या उद्रेकात लाव्हा बाहेर पडत असताना सर्व पर्वत हवा सुटलेल्या फुग्याप्रमाणे बसत गेला, असा निष्कर्ष त्यांनी १९९५ मध्ये मांडला. पर्वतास वेढणारे सुबक पट्ट पाहून तो सहज पटण्यासारखा होता. परंतु एटना ३,००० मी.हून उंच आहे. त्याच्या पायथ्यावरील तरंगांना दमट हवेच्या जाड थरातून यावे लागते, तर शिखरावरील तरंगांना तुलनेने कोरड्या हवेतून. दोन दिवसांतील हवा वेगळी असली, तर पर्वत निश्चल असतानाही त्याच्याभोवती तसेच पट्ट उमटतात. पुढील काही वर्षांत हवामानाच्या नोंदी घेऊन केलेल्या अभ्यासांत एटनावरील अशा पर्वतव्यापी पट्टांचा मोठा भाग वातावरणजन्य असल्याचे आढळले. या पुनर्विचारात २००० मध्ये मूळ लेखाच्या लेखकांपैकी प्येर ब्रिओल हाही सहभागी होता, ही गोष्ट त्या लेखकाच्या बाजूने नोंदण्यासारखी आहे. झेबकर व सहकारी यांनी १९९७ मध्ये असे दाखविले होते की, आर्द्रतेत २० टक्के फरक पडला, तर विस्थापनात १० सेंमी. किंवा त्याहून अधिक चूक येऊ शकते. अर्धा सेंमी. मोजल्याचा दावा करणाऱ्या पद्धतीस ही मोठीच चपराक होती.

उपाय इटलीत निघाला. मिलान येथील तंत्रविद्यापीठातील आलेसांद्रो फेरेत्ती, क्लाउदिओ प्राती व फाबिओ रोक्का यांनी दोन प्रतिमांवर विसंबणे सोडून एकाच ठिकाणच्या अनेक प्रतिमा एकदम हाताळल्या. इमारतींचे कोपरे, लोहमार्ग, विजेचे खांब, उघडे खडक अशी काही ठिकाणे वर्षानुवर्षे तरंग सारख्याच रीतीने परत पाठवितात. अशा स्थायी परावर्तकांच्या कलेचा अनेक वर्षांचा आलेख काढला, तर जमिनीची हालचाल त्यात सावकाश व सातत्याने दिसते, तर हवेचा परिणाम दर खेपेस यदृच्छ बदलतो. त्यामुळे दोन्ही अलग करता येतात. २००१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीने वर्षाला सु. १ मिमी. इतका मंद बदलही ओळखता येऊ लागला. नेपल्स येथील संशोधकांनी २००२ मध्ये जवळच्या कक्षांतील प्रतिमांच्या जोड्यांचे जाळे वापरणारी दुसरी पद्धत मांडली. दोन्ही पद्धतींना लागतात त्या वीस-पंचवीस किंवा अधिक जुन्या प्रतिमा, ई.आर.एस. उपग्रहांचा १९९१ पासूनचा संग्रह नसता, तर त्यांची कसोटीही घेता आली नसती.

खचणारी शहरे : यानंतर लक्ष शहरांकडे गेले, कारण परावर्तक तेथेच दाट असतात. जुन्या सरोवराच्या चिखलावर वसलेल्या मेक्सिको सिटीचे काही भाग भूजलाच्या उपशामुळे वर्षाला सु. ५० सेंमी.पर्यंत खचत असल्याचे आढळले. भारतात कोलकात्याच्या १९९२–९८ या काळातील प्रतिमांवरून मछुआ बाजार, कलकत्ता विद्यापीठ व राजाबाजार या परिसरात वर्षाला सु. ५ ते ६.५ मिमी. खचण आढळल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीतील विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात २०१४–१६ या काळात हा वेग वर्षाला सु. ११ सेंमी. होता. दोन्हीकडे कारण भूजलाचेच आहे. आकड्यांतील तफावत मात्र उपशाचे प्रमाण व खालच्या मातीचे थर यांनुसार पडते.

पूर्वसूचनेचा प्रश्न : जमिनीची हालचाल दिसणे आणि तिचा अर्थ वेळेवर कळणे यांत अंतर आहे. ब्राझीलमधील ब्रूमाजीन्यू येथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या खाणीचा गाळ अडविणारा बांध फुटून सु. २७० माणसे मृत्युमुखी पडली. दुर्घटनेनंतर नेमलेल्या तज्ञ मंडळाने उपग्रहीय नोंदी तपासल्या. बांध वर्षाला काही सेंमी. सावकाश खचत होता, परंतु फुटण्याची चाहूल म्हणावी असे काही त्यात नव्हते, असा त्याचा अभिप्राय होता. नॉटिंगम विद्यापीठातील अभ्यासकांच्या गटाने २०२१ मध्ये त्याच काळातील नोंदींचे वेगळ्या रीतीने विश्लेषण करून हालचालीचा वेग वाढत गेल्याचे व काही आठवडे आधी इशारा देता आला असता असे प्रतिपादन केले. घटना घडून गेल्यावर नोंदीत तिची चाहूल शोधणे सोपे असते, हा आक्षेप येथे लागू पडतो. तरीही अशा बांधांचे नियमित उपग्रहीय निरीक्षण करावे याविषयी दोन्ही बाजूंत विरोध दिसत नाही.

उत्तराखंडातील जोशीमठ येथे २०२३ च्या आरंभी घरांना व रस्त्यांना मोठे तडे गेले. हैदराबाद येथील राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने जानेवारीत दिलेल्या प्राथमिक अहवालानुसार २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या अवघ्या बारा दिवसांत गावाचा काही भाग ५.४ सेंमी. खचला होता, त्यापूर्वीच्या एप्रिल ते नोव्हेंबर या सात महिन्यांत ही खचण सु. ९ सेंमी. होती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शासकीय संस्थांनी प्रसारमाध्यमांना परस्पर माहिती देऊ नये अशी सूचना दिल्यानंतर हा अहवाल संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला. घबराट पसरू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि ज्यांच्या घरांखालची जमीन मोजली गेली, त्यांना त्या मापनाची अधिकृत माहिती मिळण्याचा मार्ग त्यामुळे काही काळ बंद झाला.

अलीकडील उपग्रह : ई.आर.एस.-२ (१९९५), जपानचा जे.ई.आर.एस.-१ (१९९२) व कॅनडाचा रडारसॅट-१ (१९९५) यांच्यानंतर जर्मनी व इटली यांनीही रडार उपग्रह सोडले. एन्डेव्हर अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये ६० मी. लांबीच्या दांड्याच्या टोकावर दुसरा आकाशक बसवून एकाच फेरीत दोन प्रतिमा घेतल्या व त्यांवरून ६०° उ. ते ५६° द. या पट्ट्यातील भूप्रदेशाची उंची काढली. डोंगरांचा परिणाम वजा करण्यासाठी लागणारा नकाशा त्यामुळे बहुतेक जगाला उपलब्ध झाला. एप्रिल २०१४ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-१ए पासून यूरोपने रडारच्या नोंदी सर्वांना विनामूल्य देण्याचे धोरण ठेवले. एकेका प्रतिमेसाठी पैसे मोजावे लागत असताना ज्या देशांतील अभ्यासकांना ही पद्धत केवळ वाचून माहीत होती, त्यांच्या हाती ती यानंतर आली. सीसॅटच्या जुन्या फितींचे अलास्कातील केंद्राने अंकीय प्रतिमांत रूपांतर करून त्याही २०१३ मध्ये खुल्या केल्या.

भारतात तयार झालेला पहिला रडार उपग्रह रिसॅट-१ हा २६ एप्रिल २०१२ रोजी कक्षेत गेला. भारतीय अवकाश संशोधन संस्था व नासा यांच्या संयुक्त प्रकल्पातील निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. सु. २४ सेंमी. तरंगलांबीचे रडार अमेरिकेने व सु. ९ सेंमी. तरंगलांबीचे रडार अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने तयार केले असून दोहोंसाठी १२ मी. व्यासाचा एकच जाळीदार परावर्तक आहे. दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहण्याची त्याची योजना आहे.

तरंगलांबीची ही निवड भारताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ५–६ सेंमी. लांबीचे तरंग झाडांच्या पानांवरूनच परततात आणि पाने वाऱ्याने, पावसाने व ऋतूने सतत बदलत असल्याने दोन प्रतिमांतील कलासंबद्धता नष्ट होते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पावसाळ्यात हेच घडते. म्हणजे दरडींचा धोका ज्या महिन्यांत सर्वाधिक, त्याच महिन्यांत नकाशावर तेथे पट्टांऐवजी नुसते ठिपके उरतात. लांब तरंग पानांतून बऱ्याच प्रमाणात आत शिरून फांद्या, खोडे व जमीन यांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे अशा प्रदेशांत कला अधिक काळ टिकून राहते. अतिशय उभ्या कड्यांच्या सावलीत आणि एकाएकी कोसळणाऱ्या दरडींच्या बाबतीत मात्र लांब तरंगही अपुरे पडतात. तसेच उपग्रह साधारणपणे उत्तर-दक्षिण दिशेने जात असल्यामुळे त्याच दिशेने झालेली हालचाल त्यास जवळजवळ दिसत नाही. ती मोजण्यासाठी जमिनीवरील उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या स्थानकांची जोड द्यावी लागते.